खंडेनवमीचे बूट

सोलापुरात फुटबॉल कळणारी माणसं त्या काळी चारच होती, आणि ती चारही गिरणीच्या फाटकासमोरच्या एका चहाच्या हॉटेलात एकाच बाकड्यावर बसायची. आमच्या गिरणीच्या टीमच्या मॅनेजरला फुटबॉल कळत नाही, यावर आम्हा चौघांचं एकमत होतं. बाकी कशावरच नव्हतं.

गावात बोलपट नुकता आला होता. पडद्यावरची माणसं बोलतात म्हणून लोक तिकीट काढून ऐकायला जायचे. आमच्या बाकड्यावर चार माणसं एकाच वेळी बोलायची, आणि तिकीट नसूनही ऐकायला कुणी थांबत नव्हतं.

मी गिरणीत हजेरीचा कारकून. दुसरे एक शाळामास्तर. त्यांनी जन्मात चेंडूला पाय लावला नव्हता, पण नियमांचं इंग्रजी पुस्तक त्यांना पाठ होतं. ऑफसाइड समजावून सांगायला ते टेबलावर कपबश्या मांडायचे, आणि ऐन गोलाच्या वेळी हॉटेलमालक त्यातली एक बशी गिऱ्हाईकासाठी उचलून न्यायचा. हा मालक, आमचा अण्णा, अक्कलकोटकडचा. राग आला की कन्नडमध्ये बोलायचा, त्यामुळे त्याची फुटबॉलवरची खरी मतं आम्हाला कधी कळलीच नाहीत. चौथा टांगेवाला चाचा. त्यानं तरुणपणी गोऱ्या पलटणीचा खेळ पाहिला होता. आमच्या टीममधला कुणीही कितीही चांगला खेळला तरी चाचा म्हणायचा, "वो बात नै रे. वो खेल अलग था."

मॅनेजर म्हणजे विणाई खात्याचा जॉबर, मागवाल्यांवरचा मुकादम. मोहोळकडचा माणूस, सरळ, भरघोस मिशांचा, आणि डोक्यात एकच गोष्ट घट्ट बसलेली. गिरणीत भोंगा झाला आणि मागवाला आला नाही, की फाटकाशी उभ्या असलेल्या बदलीवाल्यांतला एक आत घ्यायचा आणि त्या मागावर लावायचा. ही रीत चांगलीच आहे. पण या गृहस्थानं टीमही तशीच चालवली. मॅचच्या आधी तो मैदानाच्या कडेला कागद घेऊन उभा राहायचा आणि हजेरी घ्यायचा. नाव पुकारल्यावर ओ आली नाही, की दोरीपलीकडे उभा असलेला जो कुणी दिसेल तो त्या जागी.

रेल्वेच्या टीमशी मागची मॅच झाली तेव्हा आमचा गोलकीपर पाणी प्यायला गेला होता. परत येईपर्यंत त्याच्या जागी घडी खात्यातला एक जाडा माणूस उभा होता. हा माणूस मॅच बघायला आला होता. कापडाचा गठ्ठा झेलावा तसे त्यानं दोन्ही हात पुढे केले आणि चेंडू त्यांच्या मधून गेला. असं तीनदा झालं. आमचा खरा गोलकीपर तोवर लिंबाखाली उभा राहून नखं खात होता.

त्या संध्याकाळी मॅनेजर हॉटेलात आल्यावर मास्तरांनी त्याला शांतपणे म्हटलं, "अहो, पहिला गोल झाल्यावर तरी गोलकीपर बदलायचा."

"आन् मग उद्या कोण वेळेवर येणार?" मॅनेजर म्हणाला.

"उद्या काय मॅच आहे का?"

"उद्या काम हाय की."

अण्णा कन्नडमध्ये काहीतरी पुटपुटला आणि मॅनेजरचा चहा सगळ्यात शेवटी दिला. आम्ही त्याला एवढीच शिक्षा करू शकत होतो.

या टीममध्ये एकच खेळाडू होता ज्याच्यावरून आमचं भांडण कमी व्हायचं. आमचा लेफ्ट आउट, डाव्या कडेनं चढाई करणारा. तेलुगू बोलणाऱ्या विणकर घरातला, विशी ओलांडलेला, काटक. अनवाणी खेळायचा. चेंडू त्याच्या पायाच्या अंगठ्याला बांधल्यासारखा जायचा. पास मात्र द्यायचा नाही. "एवढा चांगला खेळतो, पण दुसऱ्याला चेंडू दाखवतसुद्धा नाही," असं मास्तर हळहळायचे.

हा लेफ्ट आउट गिरणीत बदलीवाला होता. तीन वर्षं रोज सकाळी भोंग्याआधी फाटकाशी येऊन उभा राहायचा. कुणी गैरहजर असलं तर काम, नाही तर घरच्या हातमागावर. कायम जागा मिळत नव्हती. एक दिवस तो आमच्या बाकड्यापाशी येऊन उभा राहिला. बसला नाही. म्हणाला, होटगीच्या रेल्वेच्या फोरमननं त्याला बोलावलंय. फोरमन त्यांच्या टीमचा कारभार बघायचा. यार्डात खलाशाची, म्हणजे मदतनिसाची, कायमची जागा रिकामी आहे, खेळाडू हवा आहे. पण त्यांची टीम बूट घालून खेळते. पुढची मॅच बूट घालून खेळ, मग बघू, असं तो म्हणाला होता.

अण्णानं त्याला न मागता चहा दिला. आम्ही चौघं गप्प बसलो. आमच्या इतिहासात हे पहिल्यांदाच झालं होतं.

बूट चाचानं आणले, कुठल्याशा जुन्या शिपायाकडून. ते एक माप मोठे निघाले. लेफ्ट आउटनं पुढच्या बाजूला गिरणीतला टाकाऊ कापूस भरला. घर लहान, म्हणून बूट हॉटेलातच, अण्णाच्या देवाच्या फळीखाली राहायचे. रोज संध्याकाळी तो ते घालून मैदानावर जायचा आणि आम्ही मागोमाग. पहिल्या आठवड्यात तो चिखलातून चालणाऱ्या बैलासारखा पळाला. मास्तर म्हणाले, बुटांशिवाय आधुनिक फुटबॉल नाही. अण्णा म्हणाला, पायाला जे कळतं ते चामड्याला काय कळणार. चाचानं पलटण काढली. तीन आठवड्यांनी मात्र बुटातूनही त्याचा पाय बोलू लागला, आणि मला तेच नको होतं. हा आता जाणार.

रेल्वेचं पत्र आलं ते इंग्रजीत. मॅनेजरनं ते माझ्याकडे आणलं. "वाच आन् व्हय म्हणून लिव." मी वाचलं. त्यांनी पुढच्या मॅचसाठी सुचवलेली तारीख मी मनातल्या मनात पंचांगावर ठेवली. ती खंडेनवमी निघाली.

आता वाचकहो, जो गुन्हा पुढे येतो तो माझा आहे, आणि इतक्या वर्षांनी तो सांगताना मला जितकी लाज वाटायला हवी तितकी वाटत नाही.

हजेरीच्या वहीमुळे मला एक गोष्ट ठाऊक होती. खंडेनवमीला सकाळी मागाला हार घातला, हळदकुंकू लावलं, की विणकर दसऱ्यापर्यंत मागावरच्या धोट्याला हात लावत नाही. त्या दिवशी गिरणीतले माग हारांसकट उभे असायचे आणि माझी वही रिकामी. पण अण्णाच्या डोक्यात वेगळी रीत होती. चाचाच्या टांग्याला त्या दिवशी हार पडायचा, आणि हारासकट टांगा गावभर फिरायचा. पूजा झालेली वस्तू वापरायची असते, हे अण्णाला रोज डोळ्यांनी दिसत होतं.

मी "होय" लिहिलं. मग हॉटेलात येऊन, चेहरा जमेल तितका भोळा करून म्हणालो, "अण्णा, यंदा खेळाचं हत्यारही पूजेत ठेवायला हवं. चेंडू आहे, बूट आहेत."

मास्तर दचकले. "चामडं? देवापुढं?"

"मृदंगाला काय कागद लावलाय व्हय?" अण्णा म्हणाला.

"मृदंग पायात घालत नाहीत."

"चांभार रापी पूजतो का न्हाय? मग. ज्याचं त्याचं हत्यार. खाली येगळा पाट मांडतो की."

चाचानं मान डोलवली. "मेरे टांगे का साज बी तो चमडे का. उसको हार पडता ना."

ठरलं. माझ्या मनासारखं इतक्या सहज काही होत नसे, त्यामुळे मी एक जिलबी जास्त खाल्ली.

खंडेनवमीच्या दुपारी हॉटेल धुतलेलं होतं. पाटावर फुटबॉल, त्याच्यासमोर दोन बूट, दोन्हींवर झेंडूची माळ, टाचेवर हळदकुंकू. लेफ्ट आउट आला. दारातच उभा राहिला.

"घे की," अण्णा म्हणाला. "आज देवाचं बळ हाय त्यात."

तो म्हणाला, "नाही अण्णा. पूजा झाली."

"मग? चांगलंच झालं."

"सकाळी घरी मागाला हार घातला. आता उद्यापर्यंत हात लावायचा नाही. धोट्याला नाही. याला पण नाही."

मास्तर म्हणाले, आम्हीही सरस्वतीपुढची पुस्तकं आज उचलत नाही, आणि मग आपण काय बोलून बसलो हे कळून त्यांनी जीभ चावली. चाचा कधी बुटांकडे, कधी माझ्याकडे बघायला लागला. मला ते आवडलं नाही.

माझ्या मनासारखंच झालं होतं, पण ते मला बघवेना. मी पुढे झालो, माळ बाजूला केली आणि बूट उचलले. "हे मी उचलले. पाप मला. घाल आता."

"तुम्ही उचललं तरी माझ्या पायात येणार नाही."

"अरे, फोरमन घेणार नाही तुला."

"ठाऊक आहे," तो म्हणाला, आणि त्यानं डोळे पुसले नाहीत, फक्त धोतर वर खोचलं. मी बूट होते तसे पाटावर ठेवले. त्या क्षणी मला माझाच इतका वैताग आला की मॅनेजरवरचा सगळा वैताग कमी पडला.

आणि नेमका तेव्हाच मॅनेजर कागद घेऊन आला. "हितं काय करता? हजेरीची येळ झाली."

मॅच आम्ही दोन विरुद्ध एक अशी हरलो. तो एक गोल आमच्या लेफ्ट आउटचा. त्याच्यासमोरच्या रेल्वेच्या बॅकनं बुटानं त्याचा अंगठा असा तुडवला होता की चेंडूवर रक्ताचा डाग दिसत होता. तरी शेवटच्या काही मिनिटांत तो दोघांना चुकवून आत घुसला आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यानं चेंडू दुसऱ्याला दिला. दुसऱ्यानं घाबरून तो परत त्यालाच दिला. मग त्यानं गोल केला. मास्तर रडले, आणि ऑफसाइड नव्हता असं प्रत्येकाला सांगत सुटले. कुणी विचारलं नव्हतं.

मॅच संपल्यावर फोरमन लेफ्ट आउटपाशी आला. "जूते किधर हैं?"

मी तोंड उघडणार, एवढ्यात मॅनेजरनं हातातला कागद पुढे केला. नुसता त्या दिवशीचा नव्हे. मिशीइतकाच जपलेला, दुमडून दुमडून फाटत आलेला सगळ्या मॅचेसचा गठ्ठा.

"साहेब, बूट पूजेत हायेत. उद्या निगतील. पन हे बघा. ह्यो माणूस एकदाबी उशिरा आला न्हाय. सरावाला न्हाय, मॅचला न्हाय. गिरणीच्या फाटकावर तीन वर्सं रोज भोंग्याआधी उभा. ह्या कारकुनाला इचारा."

फोरमननं माझ्याकडे पाहिलं. ती नोंद माझ्या वहीत तीन वर्षं पडून होती. फाटकावर बदलीवाल्यांची नावं रोज सकाळी मीच टिपायचो. तिचा असा उपयोग मला कधी सुचला नव्हता. मी म्हणालो, "खरं आहे."

फोरमन कागद चाळत राहिला. मग लेफ्ट आउटच्या अंगठ्याकडे बघून म्हणाला, सोमवारी होटगीला ये. बूट घेऊन ये.

संध्याकाळी बाकड्यावर मॅनेजरची काय चंपी झाली ती विचारू नका. मास्तर म्हणाले, जगात असा मॅनेजर झाला नसेल, आपल्या सगळ्यात चांगल्या खेळाडूची स्वतः शिफारस करून तो शत्रूला देऊन येणारा. चाचा म्हणाला, पलटनमें ऐसे आदमी को कोर्ट में खडा करते. अण्णा पंधरा मिनिटं कन्नडमध्ये बोलला. मॅनेजर बशीतला चहा फुंकत बसला होता.

"पोरगा वेळेवर येतो," एवढंच तो म्हणाला. "अशा माणसाला फाटकावर किती दिस उभा करायचा."

दसऱ्याला सकाळी पूजा उतरवली. मी आपट्याच्या पानांसोबत बूट त्याच्या हातात दिले. कुंकू लेसच्या भोकांत गेलं होतं आणि कितीही पुसलं तरी निघत नव्हतं. मी सगळं सांगायचं ठरवलं होतं. त्यानं मध्येच थांबवलं.

"पत्राला होय तुम्हीच लिहिलं ना," तो म्हणाला. "बूट पाटावर बघितले तेव्हाच मला कळलं. पंचांग आमच्या घरी पण आहे."

"मग बोलला का नाहीस?"

"वाटलं, तुम्हीच बोलाल."

पुढच्या वर्षी रेल्वेशी मॅच झाली तेव्हा तो पलीकडे होता. बुटात. पहिल्या पंधरा मिनिटांत त्यानं आम्हाला दोन गोल मारले. लेसच्या भोकांत अजून थोडं लाल दिसत होतं, मी कडेला इतका जवळ होतो. आमचा गोलकीपर वेळेवर आला होता, एवढंच समाधान. मी उभा राहून मॅनेजरला नको नको ते बोललो. असा खेळाडू कुणी हातचा सोडतो का, म्हणालो.

मॅनेजरनं कागदावरून नजर न उचलता विचारलं, "तुमी कितीला आला आज?"

मी उशिरा आलो होतो.