चपलेच्या रबराची माशी

गेल्या रविवारी फोनवर धाकटीनं विचारलं, "आजी, इथल्या तळ्यावर उन्हाळ्यात मासे धरायला जायचंय. आजोबांची होती तशी काठी घेणार आहे. दुकानात फ्लायचे इतके प्रकार आहेत! एकच घ्यायची तर कुठली घेऊ?" मी म्हटलं, लिहून कळवते. फोनवर सांगितलं असतं तर अर्धं तिनं ऐकलं असतं आणि अर्धं नेटवर्कनं खाल्लं असतं. शिवाय तुम्ही सगळ्यांनीच हे वाचावं असं मला वाटतं. मराठी वाचताना अडलात तर बाबांना विचारा.

पहिली काठी तुमच्या बाबांनीच आणली होती, तिकडे नोकरी लागल्यावर पहिल्या सुट्टीत येताना. आजोबा तेव्हा पॉलिटेक्निकात वर्कशॉप शिकवायचे. कोल्हापुरात गळ टाकून बसणारी माणसं काही कमी नाहीत, पण त्यांच्या गळाला कणकेची गोळी नाहीतर गांडूळ. या काठीला मात्र खोटा किडा लागायचा. गळावर पीस, दोरा, चमकी बांधून तो करायचा. किड्याला वजन नसतं, वजन असतं दोरीला, म्हणून दोरीच हवेत मागेपुढे झुलवून पाण्यावर अलगद सोडायची. आजोबा पहिला महिनाभर गच्चीवर दोरी झुलवत होते. शेजारणीनं विचारलं, "वहिनी, साहेब पतंग उडवायला लागले का?" मी हो म्हणून सांगितलं. ते जास्त सोपं होतं.

पुढे हे खोटे किडे, म्हणजे तुमच्या फ्लाय, आमच्या भाषेत माश्या, ते स्वतःच बांधू लागले. कोंबड्याची पिसं खाटकाकडून, जरतार माझ्या विटलेल्या पैठणीची. लेथवर केसाइतकं माप सांभाळणारे हात होते ते. जेवणाच्या टेबलाला छोटा शेगडा लावून, म्हणजे पकड बसवून, बसले की मला ताट कुठं ठेवावं ते कळायचं नाही. मी आखीव कामाची बाई. मी त्यांना तीस कप्प्यांचा प्लॅस्टिकचा डबा आणून दिला आणि प्रत्येक कप्प्यावर चिठ्ठी लावली. त्या चिठ्ठ्यांवरून आमची जी भांडणं झाली ती वेगळी सांगेन.

आमचा वार ठरलेला होता, बुधवार किंवा रविवार. सोमवार, गुरुवार, शनिवार घरात मासा चालत नसे, आणि श्रावणात काठी कापडात गुंडाळून कपाटावर. बिद्रीच्या रस्त्याला आत एक पाझर तलाव आहे. त्याचा ठेका घेतलेल्या मंडळींना आजोबांनी विचारून ठेवलं होतं. मी बरोबर जायची ती पुस्तक घेऊन, झाडाखाली.

मग आजोबांच्या हाताला कंप सुटला. निवृत्तीनंतरची सातआठ वर्षं बरी गेली होती. आधी उजव्या हाताची दोन बोटं, मग हात, मग दोन्ही. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या दिल्या. गोळ्यांनी थोडा फरक पडला, गाठ बांधण्याइतका नाही. आजोबांनी हे कुणाला कळू दिलं नाही. तुमच्या बाबांनासुद्धा वर्षभर माहीत नव्हतं. व्हिडिओ कॉलवर हात दिसू नयेत म्हणून ते मोबाइल टेबलावर उभा करून हात खाली ठेवायचे. सकाळी शर्टाची बटणं मी लावायची, दार लोटून, स्वयंपाकाची बाई यायच्या आत. लग्नकार्याला जाणं त्यांनी सोडलं. कुणी बोलावलं की म्हणायचे, "गुडघा दुखतोय." गुडघे त्यांचे ठणठणीत होते.

तळ्यावर जाणंही बंद झालं. मासा मिळो न मिळो, तिथं अर्ध्या तासाला माशी बदलायची म्हणजे बारीक नायलॉन गळाच्या भोकातून ओवून गाठ मारायची. घरी मारता येत नाही ती चारचौघांत काय मारणार? काठी श्रावण नसतानाही कपाटावर राहिली. ते दिवसभर वर्तमानपत्र धरून बसायचे आणि पानं थरथरतात म्हणून ते टेबलावर पसरून वाचायचे. मला भीती वाटायची ती आजाराची नव्हे. माणूस घरातल्या घरात मिटत चालला होता, त्याची.

शेवटी मीच एक तोड काढली. माशी बदलायचीच नाही. घरून एकच बांधून न्यायची, सकाळभर तीच. गाठ मी मारीन, घरी, कुणी बघायला नाही.

"एका माशीनं मासे धरतात होय?" आजोबा म्हणाले.

"न धरता घरी बसलाय त्यापेक्षा बरं."

"गाठ तुला येती?"

"चाळीस वर्षं पोरांना व्याकरण शिकवलंय. गाठ काय मोठी!"

नव्हती मोठी, पण आठ दिवस गेले. त्यांच्या इंग्रजी पुस्तकात चित्रं होती. मी लोकर आणि गोणी शिवायचा दाभण घेऊन सुरुवात केली, मग शिवणाचा दोरा आणि सुई, मग नायलॉन. पाच वेढे द्यायचे, टोक मागच्या फटीतून घालायचं, थुंकीनं ओलं करून हळूहळू ओढायचं. थुंकी मला पटत नव्हती. मी वाटीत पाणी घेतलं. आजोबा म्हणाले, "तळ्यावर वाटी नेणार का?"

मग माशी निवडायची. डबा उघडून आम्ही तीन बाहेर काढल्या. पहिली काळ्या पिसांची, पाण्याखाली जरा बुडणारी. दुसरी जड, बेसिनच्या बुचाच्या साखळीतले मणी डोळे म्हणून लावलेली, तळाशी जाणारी. आजोबांचा जीव हिच्यावर, कारण सगळ्यात जास्त मासे हिनं दिले होते. तिसरी तरंगणारी, बेडकीएवढी, पुढून सपाट तोंडाची, मागं पिवळ्या पिसांची शेपटी. दोरी हलकेच ओढली की ती पाण्यावर 'बुडुक' करते, आणि काठच्या गवतातल्या माशाला वाटतं काहीतरी खाण्याजोगं पडलं.

या तिसरीचा इतिहास आमच्या घराला लाज आणणारा आहे. एका खंडेनवमीला मी नेहमीप्रमाणे घरातली हत्यारं पुजायला मांडली. विळी, कात्री, शिवणयंत्र, त्यांचे लेथचे पाने, आणि काठी. काठीबरोबर एखादी माशीही हवी म्हणून हीच देखणी दिसली ती विड्याच्या पानावर ठेवली, हळदकुंकू वाहिलं, निरांजन ओवाळलं. आजोबा हात जोडून गप्प उभे. आरती झाल्यावर म्हणाले, "ती न्हाणीतल्या चपलेची हाय."

"काय?"

"रबर. तुझी निळी स्लीपर झिजली होती, तिच्या टाचेतून कापलंय."

मी पान उचललं, देवघर पुसून काढलं आणि संध्याकाळपर्यंत त्यांच्याशी बोलले नाही. ते आपले सगळ्यांना सांगत सुटले, "देवाला चालली, आता माशाला न चालून सांगती कुणाला!"

तरीही मी तिलाच निवडलं, आणि धाकटे, कारण नीट वाच. बुडणाऱ्या माशीला मासा लागला हे बोटांना कळावं लागतं. दोरीला बारीकसा हिसका बसतो, तेवढाच. आजोबांच्या बोटांत तर सतत हिसके असायचे. मासा कुठला आणि कंप कुठला, त्यांना कळलं नसतं. तरंगणारी माशी डोळ्यांना दिसते. पाणी फुटलं, माशी गेली, की काठी उचलायची. हे मी बोलले तेव्हा आजोबा बराच वेळ त्या जड माशीचे मणी बोटानं फिरवत बसले. मग ती त्यांनी स्वतःच कप्प्यात ठेवली.

काठ्या तीन होत्या. सगळ्यात हलकी हाताबरोबरच थरथरायची, जड काठीनं खांदा भरून यायचा. मधली ठरली, सहा नंबरची, नऊ फुटी. तिची मूठ बारीक पडत होती म्हणून मी शाहूपुरीतल्या खेळांच्या दुकानातून क्रिकेटच्या बॅटचं रबर आणलं आणि मुठीवर चढवलं. रीळ साधं, दोरी तरंगणारी, आणि पुढचं नायलॉन आखूड नि जाडसर, कारण तळ्यात गवत असतं आणि ओढून काढावं लागतं. बाकी सगळा पसारा, डबासुद्धा, घरी. मी ठामपणे सांगितलं, एक म्हणजे एक.

वैशाखातला बुधवार होता. गाडी मी चालवली. सूर्य वर यायच्या आत पोचलो. बांधावर एकच माणूस होता, पन्नाशीचा, डोक्याला टॉवेल, हातात नुसती दोरी आणि मांडीवर कणकेचा गोळा. आजोबांनी त्याच्याकडे पाठ केली, हात दिसू नयेत म्हणून. काठी मी जोडून दिली होती, माशी घरूनच बांधलेली. पहिल्या पाचसहा फेकी कशातरीच पडल्या. मग खांद्याला जुनं आठवलं. दोरी सरळ गेली, माशी गवताच्या कडेला टपकन बसली. मी पुस्तक मिटलं.

आणि मग एक फेक मागं जरा जास्त गेली. मागं बाभळ. दोरी अडकली, त्यांनी ओढली, नायलॉन तुटलं. निळी माशी बाभळीत लटकत राहिली. आमच्याकडे दुसरी नव्हती. ती न आणण्याचा हट्ट माझाच.

"चल," आजोबा म्हणाले. "झालं. घरी जाऊ." काठी ते खाली ठेवत होते, आणि मला कळलं की आज ही काठी कपाटावर गेली तर पुन्हा खाली येणार नाही.

तेवढ्यात टॉवेलवाला म्हणाला, "काय पावणं, झाडावर मासं हाईत व्हय?"

आजोबा गाडीकडे वळले.

"थांबा की. कुठं निघालाय लगीच?" दोरी दगडाखाली दाबून तो उठला, तिथंच पडलेल्या एका वाळक्या लाकडानं फांदी वाकवली, काटे चुकवत माशी सोडवली आणि तळहातावर घेऊन बघत राहिला. "आयला! ह्यो तर सिलीपरचा तुकडा हाय! मासं पायताण खात्यात व्हय आता?"

"तुमची कणीक खातात, ती काय चांगली?" मी म्हणाले.

तो हसला, पण गेला नाही. माशी आजोबांच्या हातात देऊन तिथंच उभा राहिला, पुढं काय होतंय बघायला. आजोबांनी नायलॉनचं टोक घेतलं आणि भोकाकडे नेलं. चुकलं. पुन्हा नेलं. टोक भोकाच्या अलीकडं पलीकडं नाचत होतं. मी हात पदराखाली घट्ट धरून ठेवले. मी उठले असते तर ते त्यांना सहन झालं नसतं, आणि नुसतं बसणं मला सहन होत नव्हतं. किती वेळ गेला कोण जाणे. टॉवेलवाला एकदा माशीकडे बघे, एकदा हातांकडे. त्याला कळलं होतं.

मग आजोबांनी हात माझ्यापुढे केला. "बांध."

मी बांधली. पाच वेढे, टोक आत, आणि मुकाट्यानं थुंकी.

"गाठ काकू मारत्यात व्हय?" तो म्हणाला. "आनि काका काय करत्यात?"

"काका हुबं ऱ्हात्यात," आजोबा म्हणाले. घरात एखाद्या शब्दापुरतीच येणारी त्यांची गावाकडची बोली एकदम पुरी वर आली. "हात धड ऱ्हायलं न्हाईत, दिसतंय की तुला. सकाळी बटनं बी हीच लावती."

टॉवेलवाल्यानं मान हलवली. "नशीब काढलंय काका. आमची म्हातारी भाकरी बी फेकून वाढती."

आजोबा हसले. खूप दिवसांनी, खांदे हलवून.

तर धाकटे, तुझं उत्तर असं: तरंगणारी, रबराची, पिवळ्या शेपटीची. एकच प्रकार घे. मात्र त्यातल्या दोन घे. आजीची चूक करू नको.

त्या सकाळी तासाभरानं एक चिलापी लागली, पंजाएवढी. मी भीतभीत म्हणाले, हात थरथरतो म्हणून माशीही जिवंत किड्यासारखी थरथरत असेल, म्हणून मासा फसला. आजोबा म्हणाले, "उगाच कविता करू नको. चिलापी कशालाही लागते." मासा त्यांनी टॉवेलवाल्याला दिला. त्यानं गळ सोडवून माशी धुऊन परत केली, वर सांगितलं, "रविवारी या. दुसऱ्या पायातलं सिलीपर मी आनतो."

त्यानंतर तीन वर्षं आम्ही गेलो, जमेल तसं. आजोबा जाऊन आता दोन वर्षं होत आली. पण मला आठवतो तो त्या बुधवारचा परतीचा रस्ता. गावात शिरताना ते म्हणाले, "गाडी शाहूपुरीकडून घे." त्यांच्याबरोबर शिकवणारे एक सर निवृत्तीनंतर तिथं मोटारी दुरुस्त करायचं दुकान चालवायचे. वर्षभर आजोबा तो रस्ता टाळत होते. सरांनी बघितलं आणि ओरडले, "अरे! कुठं मेलता इतके दिवस?" चहा आला. आजोबांनी कप उचलला. तो बशीवर वाजला, अर्धा चहा बशीत, थोडा शर्टावर. दुकानातले दोघं कारागीर बघत होते. सर कपाकडे बघत होते.

"हे असं झालंय," आजोबा म्हणाले, आणि बशी ओठाला लावली. "आणखी अर्धा सांग. हा सांडला."