तिसऱ्या हाकेची वाट

भूत, चकवा, करणी यातलं काहीही मी मानत नाही. हे लिहून झाल्यावरही बहुतेक मानणार नाही. मी शाळेत विज्ञान शिकवते. आमचं घर बौद्ध. आजोबांनी देव गोदावरीत सोडले, त्यानंतर घरात कधी अंगारा आला नाही की कुणाच्या दंडाला गंडा बांधला गेला नाही. आमच्या विहारात रविवारी मुलींना अंधश्रद्धेवर सांगायचं काम तर कित्येक वर्षं माझ्याकडेच आहे. त्यामुळे ओळखीच्या कुणी हे वाचलं तर ते हसतील... हसू देत. माझं नाव इथे सुजाता धरून चाला.

नाशिकरोडकडून देवळाली कॅम्पला जाताना लागणाऱ्या एका कॉलनीत आम्ही राहतो. एकाला एक चिकटलेली रो-हाऊसेस आहेत. खाली हॉल, वर दोन खोल्या, त्यावर गच्ची. शेजारच्या आणि आमच्या गच्चीमध्ये गुडघ्याएवढी भिंत, लोणच्याची बरणी इकडून तिकडे द्यायला बरी. जिन्याच्या वरच्या टोकाला लोखंडी दार आहे, ते आत उघडतं. त्याची कडी ढिली झाली होती आणि मिलिंद, म्हणजे माझा नवरा, ‘रविवारी बसवतो’ म्हणत होता. कुठला रविवार ते काही तो सांगत नव्हता.

शेजारी हौसामावशी राहतात. येवल्याकडच्या, साठी ओलांडलेल्या. मुलगा-सून दोघं नोकरीला, त्यामुळे दिवसभर घर त्यांच्याच ताब्यात. आवाज असा खणखणीत, की त्यांनी भाजीवाल्याला हाक मारली की आमच्या गल्लीतली कुत्री उठून बसतात. मलाही दिवसातून दहा वेळा हाक. ‘सुजे, कोथिंबीर हाय का गं?’ ‘सुजे, टाकी भरली का बघ.’ खोटं कशाला बोलू, मी कधी कधी वैतागायचे.

आता माझ्या आईबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. आई चांदवडकडची. देव्हारा गेला, उपासतापास गेले, पण तिच्या डोक्यातली एक समजूत शेवटपर्यंत गेली नाही. वाऱ्यावावटळीत कुणी नाव घेऊन हाक मारली तर लगेच ओ द्यायची नाही. दोन हाका जाऊ द्यायच्या. माणूस असेल तर तो तिसरी मारतोच, आणि दुसरं काही असेल तर त्याला तिसरी मारता येत नाही. विहारात हा माझा हुकमी किस्सा होता. मी आईसारखा पदर तोंडावर धरून, डोळे मोठे करून तो करून दाखवायचे. मुली हसून हसून लोळायच्या. शेवटी मी विचारायचे, ‘मग एखाद्याला खरंच मदत हवी असेल तर? त्यानं काय तिसऱ्या हाकेपर्यंत दम धरायचा?’ यावर टाळ्या पडायच्या.

मे महिना, शाळेला सुट्टी. मिलिंद ड्युटीवर, मुलगी पुण्याला. मी घरात एकटी. आदल्या दिवशी मावशी म्हणाल्या होत्या, ‘उद्या येवल्याला लग्नाला चाललेय, घराकडं लक्ष ठेव गं.’ त्यामुळे शेजारचं घर बंद आहे हे मी धरून चालले होते. दुपारभर नुसती भट्टी. मग सिन्नरच्या बाजूनं आभाळ आधी पिवळट आणि बघता बघता शाईसारखं झालं. झाडाचं पान हलेना. आणि एकदम वारा सुटला.

वळवाचं वादळ नाशिकला नवं नाही. दरवर्षी एखादं येतं, झाडं पाडतं, द्राक्षवाल्यांचं आणि कांदावाल्यांचं कंबरडं मोडून जातं, आणि दुसऱ्या दिवशी आपण मोबाइलवर फोटो बघतो. पण हा वारा वेगळा होता. समोरच्यांच्या सोलर हीटरच्या काचा फुटल्या. कुणाची तरी पाण्याची रिकामी टाकी रस्त्यावरून गडगडत गेली. लाइट गेली, मोबाइलची रेंज गेली. वर जिन्यातलं दार धाडधाड आपटायला लागलं, म्हणून मी धावत वर गेले. दार लावलं तर कडी धरेना. शेवटी मी वरच्या पायरीवर बसले, दाराला पाठ लावली आणि समोरच्या भिंतीला पाय रोवले. वारा दार ढकलत होता आणि मी वाऱ्याला.

बाहेर मोठा दणका झाला. देवळाली कॅम्पच्या तोफांच्या सरावाची आम्हाला सवय आहे, तसाच आवाज. क्षणभर मला वाटलं, असल्या वादळात कसला सराव करतायत. मग कळलं की कुणाचं तरी पत्र्याचं शेड गेलं.

आणि मग हाक आली.

‘सुजे...’

अगदी दाराच्या पलीकडून. बारीक, ओढल्यासारखी. मावशीच तेवढ्या मला सुजे म्हणतात, आणि त्या तर येवल्याला. शिवाय तो आवाज मावशींचा नव्हता. निदान मला ओळखू येणारा तरी नव्हता. माझ्या पाचावर धारण बसली. घशापर्यंत ‘ओ’ आला होता, पण तो बाहेर पडेना. वारा शिट्ट्या मारत होता. मग परत —

‘सुजे... ए सुजे...’

मी काय केलं ते सांगते. मी तोंडावर हात धरला, आणि तिसऱ्या हाकेची वाट बघत बसले.

तिसरी हाक आलीच नाही. मला किती हायसं वाटलं म्हणून सांगू! आज त्याचीच सगळ्यात जास्त लाज वाटते. ओ न देण्याचं समजू शकते, माणूस घाबरतो. पण हाक थांबल्यावर मला बरं वाटलं होतं. दाराला टेकून मी मनात म्हटलं, बघ, नव्हतंच कुणी.

वारा ओसरायला बराच वेळ लागला. मग टपोऱ्या थेंबांचा पाऊस आला आणि तोही थांबला. मी दार उघडलं. आमच्या गच्चीवर पाचोळा, कुणाची चादर, फुटलेल्या कुंड्या. मधल्या भिंतीपलीकडे मावशींच्या शेडचा एक लांबलचक पत्रा, पाइपासकट, बाजूला आडवा ठेवलेला. ठेवलेला म्हणजे उडून पडलेला नव्हे, परत उडू नये म्हणून त्यावर विटा रचल्या होत्या. त्यांच्या जिन्याचं दार उघडं होतं.

आणि आत, पायरीवर, हौसामावशी बसल्या होत्या. एक पाय लांब केलेला, घोट्याजवळ भोपळ्यासारखा सुजलेला. मांडीवर जुन्या साडीचं गाठोडं. चेहरा पांढराफटक. मला बघून त्या म्हणाल्या, ‘आलीस व्हय? पाणी आणते म्हणालीस नं?’

माझे दोन्ही हात रिकामे होते. त्या वेळी विचारायला हवं होतं, ‘कोण म्हणालं?’ मी विचारलं नाही. मी खाली गेले आणि पाणी घेऊन आले.

नंतर हळूहळू सगळं कळलं. कुरडया नीट वाळल्या नव्हत्या म्हणून त्यांनी लग्नाला जायचं रद्द केलं होतं. आभाळ आलं तशा त्या कुरडया गोळा करायला वर गेल्या आणि शेड त्यांच्या पायावर आलं. त्या मला पाणी पिता पिता सांगत होत्या, माझीच गोष्ट मला.

‘दोनदा हाक मारली गं तुला. तिसरी मारायला दम नव्हता ऱ्हायला. म्हनलं, संपलं आता. तेवढ्यात तू आलीस. ह्योच पिवळा गाऊन. तुझ्या दारातनंच आलीस, ती भिंत वलांडून. पत्रा असा उचलला जसं काय पापड उचलावा. लय ताकद बाई तुझ्या अंगात. मला बगलेत धरून हितं बसवलं. म्हनलं, माझ्या कुरडया! तर परत वाऱ्यात गेलीस, सगळ्या गोळा करून आणल्यास. आता बस, पाणी आणते, म्हनलीस आन् गेलीस.’

त्या मांडीवरच्या गाठोड्यातल्या कुरडयांना पावसाचा थेंबही लागला नव्हता. मी हात लावून बघितलं.

मुलगा आला, मावशींना दवाखान्यात नेलं, पायाचं हाड मोडलं होतं. डॉक्टर म्हणाले, या पायावर एक पाऊलही टाकता आलं नसतं. तो पत्रा पाइपासकट हलवायला दुसऱ्या दिवशी गल्लीतले दोघे तगडे लोक लागले. ‘मॅडम, तुम्ही एकटीनं कसा उचलला?’ त्यांच्यातल्या एकानं कौतुकानं विचारलं. मी हसले. हो, मी हसले.

मिलिंदला मात्र त्या रात्री सगळं सांगितलं. तो शांतपणे ऐकून म्हणाला, ‘अगं, घाबरलेला माणूस काहीही करतो. तू गेली असशील आणि तुला आठवत नसेल.’ मलाही हे फार पटवून घ्यायचं होतं. मी गाऊनची पाठ उघडून त्याला दाखवली. दाराची कडी जिथे रुतत होती तिथे मणक्यावर निळा वळ उठला होता. तो दोन आठवडे होता. त्या दारातून कुणी बाहेर गेलं असेल, तर ते माझ्या पाठीतून गेलं. गल्लीत त्या वेळी दुसरं कुणी घरी होतं का तेही विचारून बघितलं. जे होते ते सगळे माझ्यासारखेच दारं लावून बसले होते.

कॉलनीच्या ग्रुपवर माझा फोटो फिरला. बुद्धपौर्णिमेला विहारात वंदना झाल्यावर अध्यक्षांनी मला पुढे बोलावलं. ‘आपल्या सुजाताताई नुसतं बोलत नाहीत, करून दाखवतात.’ पुष्पगुच्छ दिला. समोर त्याच मुली, त्याच टाळ्या. मला तिथेच सांगायला हवं होतं. पण सांगायचं तरी काय? की मी गेले नाही आणि जी गेली ती मी नव्हे? एका वाक्यात भित्री ठरले असते आणि दुसऱ्यात वेडी. मी पुष्पगुच्छ घेतला. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण... ही म्हण मी विहारातल्या फळ्यावर कितीदा लिहिली असेल.

त्याहून वाईट म्हणजे कुरडया. मावशींनी डबा भरून पाठवल्या. वर निरोप, ‘तुझ्याच हातच्या म्हनायच्या.’ तो डबा मी ओट्यावरून फडताळात ठेवला. तळायची छाती होईना.

शेवटी एका दुपारी मी गेले. मावशी प्लास्टरचा पाय उशीवर ठेवून लसूण सोलत होत्या. मी समोर बसले आणि सांगून टाकलं. हाक ऐकली, ओ दिली नाही, तिसरीची वाट बघितली. बोलता बोलता रडू आलं. आणि तेव्हाच, रडता रडता, जे मिलिंदलाही सांगितलं नव्हतं ते तोंडून गेलं. मावशी, मी भुताला भ्याले असं म्हणते खरं, पण मला वाटतं मी उडणाऱ्या पत्र्यांना भ्याले. आत कुठेतरी मला कळलं होतं की हे माणूस आहे. आईची ती समजूत मला त्या वेळी सोयीची पडली.

मावशींचे हात थांबले. मला वाटलं, आता हाकलतील. हाकललं असतं तर बरं झालं असतं.

‘येडी का काय तू,’ त्या म्हणाल्या. ‘माझ्या डोळ्यांनी बघितलं नं तुला. मानसाला भ्याव वाटलं की कायबाय आठवतं. तू आलीस म्हनून मी हाय.’ आणि पुन्हा लसूण सोलायला लागल्या. ‘जा, डोळे पूस. च्या टाक दोघींना.’

मी चहा टाकला.

हे काय होतं, मला माहीत नाही. मावशींना भास झाला म्हणावं तर पत्रा आणि विटा भासानं हलत नाहीत. मी गेले म्हणावं तर पाठीवरचा वळ. तुमच्यापैकी कुणाकडे साधं, सरळ उत्तर असेल तर मला हवंय. ‘तुमची आईच असेल’ असं कृपा करून लिहू नका. आई असती तर तिसऱ्या हाकेपर्यंत थांबली असती. विहारातला तो किस्सा मी बंद केलाय. मुलींनी दोनदा विचारलं, मी विषय बदलला.

मावशी आता काठी घेऊन चालतात. परवा पुन्हा वारा सुटला तेव्हा गच्चीवरून हाक आली, ‘सुजे.’ एकच. हल्ली त्या दुसरी मारतच नाहीत. मी येणार याची त्यांना खात्री आहे. मी गॅस तसाच सोडून, अनवाणी जिना चढले. वाळत टाकलेली गोधडी उडत होती, एवढंच काम होतं. पूर्वी वाटायची ती भीती आता वाटत नाही. आता एवढंच वाटतं, की मी पोचेपर्यंत ती पिवळ्या गाऊनमधली माझ्याआधी जाऊन आलेली असू नये.