वर्धेच्या पुराचा टेलिफोन

कापसाच्या जिनात घटकाभर उभं राहिलं तरी रुई अंगाला चिकटते. पुराच्या गोष्टींचंही तसंच. एक झटकायला जावं तर मागून चार निघतात, आणि सगळ्या भीतीच्याच. हसू येतं ते पाणी ओसरल्यावर.

मी अमरावतीत अडत्या. शाळा चौथीपर्यंत, पुढचं बाजारानं शिकवलं. त्या काळी आमच्या वर्धाकाठच्या गावांना पुराची आधी खबर देणारं कोणी नव्हतं, म्हणून आम्ही व्यापाऱ्यांनीच आपले तीन टेलिफोन या कामाला लावले. वर मोर्शीकडे गुलाबशेठ, संत्र्यांचे व्यापारी. मध्ये मी. खाली, कौंडण्यपुराच्या पुढच्या एका गावात, जिनाचे मॅनेजर हरिभाऊ. पाण्याच्या आधी फोन पोचला पाहिजे, एवढंच काम. त्याच खालच्या गावात माझी धाकटी बहीण गोदा दिलेली. तिच्या ओसरीवरून नदी दिसे. आभाळ भरलं की मी सौदा सोडून टेलिफोनपाशी येऊन बसे.

*

पहिल्या पावसाळ्यात ठरलं, जे दिसेल ते कळवायचं. पाणी बोटभर चढलं, गुलाबशेठचा फोन. बोटभर उतरलं, फोन. मी लगेच खाली कळवी, हरिभाऊ लगेच जिनाची घंटा ठोकत. लोक पोराबाळांसकट टेकडीवर पळत आणि तोंड पाडून परत येत. शेवटी एका म्हाताऱ्यानं हरिभाऊंना गाठलं. "मॅनेजरसाहेब, पूर नदीले आला का तुमाले?"

मग आम्ही खबरीचे तीन दर्जे पाडले, कापसाचे पाडतो तसे. पहिला दर्जा माझ्यापाशीच थांबायचा. दुसरा हरिभाऊंपर्यंत जायचा. तिसरा आला तरच घंटा.

*

दर्जा ओळखायचा कशावरून? गुलाबशेठ म्हणाले, मारुतीवरून. ओट्याला पाणी लागलं की दुसरा, देवाचे पाय बुडाले की तिसरा. मी तसंच खाली कळवलं. कोणाच्या गावचा मारुती, हे आमच्यापैकी एकानंही विचारलं नाही. वरचा मारुती पात्राच्या कडेला, खालचा टेकडीच्या कुशीत.

वरच्या मारुतीचे पाय बुडाले तेव्हा मी निरोप धाडला. हरिभाऊंनी घंटा ठोकण्याआधी खात्रीसाठी माणूस देवळाकडे पाठवला. तो येऊन म्हणाला, "देव कोरडा हाय, साहेब." घंटा वाजलीच नाही. पाणी घरात शिरलं तेव्हा गोदा चुलीपुढे बसली होती. ती वाचली, तिची दुभती म्हैस गोठ्यासकट गेली. मी पोचलो तेव्हाही तो मारुती कोरडाच. शेंदूर नुसता चमकत होता.

*

मग दोन्हीकडे सारखे खांब रोवून त्यांवर हातांच्या खुणा केल्या. आता चूक कुठून होणार? पण भीती बसली होती. गुलाबशेठनी पाणी पाहिलं आणि जोखीम नको म्हणून एक हात वाढवून सांगितलं. माझी बहीण खाली, मी आणखी एक हात वाढवला. हरिभाऊ एकदा दुधानं तोंड भाजलेला माणूस, त्यांनी आणखी एक. सारं गाव टेकडीवर पावसात कुडकुडत बसलं. एवढ्यात पलीकडचा एक माणूस सायकल खांद्यावर घेऊन गुडघाभर नदीतून चालत आला आणि वर पाहून म्हणाला, "काहून बसले बापा सारे तिथं? लगन हाय काय?"

*

घंटेवरचा विश्वास त्या दिवशी उडाला. लोकांनी आपली वेगळी खूण धरली, ती म्हणजे गोदा. शेठ बहिणीला आधी कळवणारच, असा त्यांचा हिशोब. मी तिला कधी वेगळा निरोप धाडला नव्हता, पण ते मानतो कोण? एकदा भर श्रावणात ती माहेरपणाला म्हणून एसटीत बसली. ती माझ्याकडे पोचते न पोचते तोच हरिभाऊंचा फोन. अर्धं गाव टेकडीवर होतं. "शेठ, बाईले वापस धाडा. लोकं खाली उतरून नाही राहिले."

*

आणि मग तो मोठा पाऊस. दुपारी गुलाबशेठचा फोन आला. तिसरा दर्जा, म्हणाले, आणि हे मी काही वाढवून सांगत नाही. मी खाली फोन मागितला. एक्सचेंजमधला माणूस म्हणाला की खालची लाइन गेली, तारांचे खांबच वाहून गेलेत. मोटार काढली, तर वाटेतला पूल पाण्याखाली. परत आलो आणि रिसीव्हर कानाला लावून बसलो. बायकोनं पुढ्यात ताट ठेवलं, ते बाजूला सरकवलं. वरचं पाणी निघालं होतं, हे ठाऊक असलेला मधला माणूस मी एकटा. खालचं गाव गोदाकडे बघत असणार, आणि गोदाला कोण सांगणार?

पाणी उतरल्यावर चिखल तुडवत गेलो. नदीकाठची घरांची ओळ पुसून गेली होती. गोदाचं घर कुठं होतं तेही ओळखू येईना. टेकडी चढलो. वर सारं गाव बसलं होतं, आणि मधोमध गोदा तीन दगडांच्या चुलीवर भाकरी भाजत होती.

चुलीशी जाऊन टेकलो. मग विचारलं, "गोदे, तुले कोनं सांगितलं वं?"

तिनं तव्यावरची भाकरी उलटली.

"कोनीच नाही. येवढा पाऊस, अन् दादा, जिनात तुया एकबी फोन नाही. तवाच निघाली मी."