कणगीतले बूट

माझं अक्षर वाकडं आहे. चौथीनंतर शाळा सुटली, ऱ्हस्व-दीर्घ चुकलं असेल तर माफी असावी. माफी कुणाची मागते तेही कळत नाही, कारण हे मी कुणाला दाखवणार नाही. चारचौघांत बोलायला लागले की माझा गळा धरतो. म्हणून लिहिते.

बीडच्या कोर्टाचा व्हरांडा. मी भिंतीला टेकून उभी. माझ्या पदरात तोंड खुपसून सात वर्षांची इरा. समोर तिची आई, अमेरिकेतून आलेली. तिनं दोन्ही हात पुढं केले. "इरा, मम्मा आली बघ." इरा आणखीच माझ्यामागं सरकली.

इराची आजी, तिच्या बापाची आई, माझी मालकीण. सगळं गाव तिला काकी म्हणतं. काकी सगळ्यांना ऐकू जाईल अशी हसली.

"बघा बघा. शेण काढणारीच्या पदराला लपतंय लेकरू. आईपरीस हिचा वास बरा वाटतोय त्याला."

वकील हसले. शिपाई हसला. इराच्या आईनं माझ्याकडं पाहिलं. "या बाईला आधी बाजूला करा," म्हणाली.

एकीनं मला दगडासारखं उचललं अन् दुसरीला मारलं. जिला लागलं तिनंही दगडालाच लाथ मारली. माझं नाव कुणी विचारलं नाही.

काकीच्या बंगल्यावर मी कामाला कशी आले ते सांगते. त्या साली पाऊस नव्हता. ऊस उभा वाळला, कारखान्याचं धुराडं पेटलंच नाही. ऊसतोडीसाठी मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल मात्र आधीच माझ्या पोरीच्या दवाखान्यात गेली होती. काकीचे मालक आबा त्या सहकारी कारखान्याचे संचालक. त्यांनी मुकादमाला पैसे भागवले अन् मला घरकामाला ठेवलं. नवरा पुण्याकडं बिगारीला गेला. गावात टँकर कधी यायचा, कधी नाही. आबांच्या बोअरचं दोन घागरी पाणी मला रोज मिळायचं. त्या दोन घागरींसाठी मी मान खाली घालून राहिले.

इरा उन्हाळ्यात आली. तिच्या आईबापाचा काडीमोड तिकडंच झालेला. तिकडच्या कोर्टानं लेकरू आईकडं दिलं होतं. बापानं सुट्टीला म्हणून गावी आणलं अन् परत पाठवलंच नाही, म्हणून आईनं इथं येऊन दावा लावला. तो पुण्यात राहायचा, रविवारी यायचा. बाकी दिवस लेकरू माझ्या अंगावर. तिला मराठी मोडकंतोडकं यायचं. मला मावशी म्हणायची.

रोज दुपार कलली की ती मोजे घालायची, बूट घालायची. पांढरे बूट, बाजूला जांभळी पट्टी. मग फाटकाजवळ जाऊन बसायची.

"कुठं चाललीस गं?" मी विचारलं.

"मम्मा पिकअप करते."

तिकडं शाळा सुटली की आई न्यायला यायची. ऊन उतरेपर्यंत इरा बसायची. मग बूट काढून मुकाट आत.

काकीला ते खुपलं. "टाक ते कणगीत. ज्वारीखाली. दिसले न्हाई पायजेत." मी टाकले. दुसऱ्या दिवशी इरा अनवाणी जाऊन बसली. फरशी तापलेली. मी तिच्या पायाखाली पोतं टाकलं. तेव्हा काकीनं तिला सांगितलं, "तुझी आई आली की पोलीस तुला गाडीत कोंडून नेतील." फाटकावर बसणं बंद झालं. कोर्टात ती आईला पाहून लपली ती यामुळं.

त्या दिवशी परत येताना जीपमध्ये आबा म्हणाले, "पुढल्या तारखेला जजबाई तुला इचारतील. एकच सांगायचं. लेकरू आईचं नाव काढीत न्हाई. तुझी उचल माझ्याकडं हाय. पाणी पण माझंच हाय."

मी हो म्हणून मान हलवली. 

घरी आले तर पोरगी उंबऱ्यात बसलेली. तिला बघितलं अन् आठवलं. ऊसतोडीला जाताना मी तिला सासूजवळ ठेवायचे. हंगाम संपवून आले की ती सासूच्या मागं लपायची. पहिल्या साली मी चुलीपुढं बसून रडले. सासू म्हणाली, "रुसलंय गं ते. इसरलं असतं तर लपलं कशाला असतं?" चार दिवसांनी अंगावर चढायची, ती उतरायची नाही. हे मला माहीत होतं. तरी मी मान हलवली होती.

तारखेच्या दिवशी कणगीत खांद्यापर्यंत हात घातला. बूट काढले. भाकरीच्या पिशवीत ठेवले.

जजबाईंच्या खोलीत सगळे होते. बाईंनी विचारलं, "हिला आईची आठवण येते का?"

माझा गळा धरला. आबांचा वकील म्हणाला, "अडाणी आहे मॅडम, घाबरलीय."

मी पिशवीतून बूट काढले अन् इरापुढं ठेवले.

तिनं बुटांकडं पाहिलं. माझ्याकडं पाहिलं. खाली बसून पाय घातला. टाच आत जाईना, पाय वाढले होते. तिची आई खुर्चीवरून उठली, जमिनीवर बसली, नाडी सैल करायला लागली.  इरा तिच्या डोक्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "मम्मा, तू लेट झालीस."

तेव्हा माझा गळा सुटला. "लपलं म्हंजी इसरलं न्हाई, बाई. रोज बूट घालून वाट बघायची. काकीनं ते मला लपवायला लावले."

आणखी काही तारखा झाल्या अन् लेकरू आईला मिळालं. मी तेव्हा कोर्टाच्या फाटकाबाहेर उभी होते. गाडी माझ्यासमोरून गेली. काचा वर होत्या. इराच्या आईनं पाहिलं नाही. इरानं पाहिलं का, कळलं नाही.

बंगल्याचं पाणी बंद झालं. टँकरवर बाया माझ्या घागरीपासून घागर लांब ठेवायच्या. "आबाच्या मिठाला जागली न्हाई," म्हणायच्या. टँकर आला नाही की त्यांनाही आबांच्याच बोअरचं पाणी लागायचं. मी रांगेच्या शेवटी एकटी उभी राहायचे.

आबांनी बोलावून घेतलं. "उचल टाक."

"टाकीन."

"कशानं?"

"कोयत्यानं."

पुढल्या साली पाऊस झाला. माजलगावकडं ऊस उभा राहिला. आम्ही नवरा-बायकोनं तीन हंगाम तोडला, थोडे थोडे करून पैसे दिले. पोरीला दर वेळी सांगून गेले, कधी येणार ते. ती शाळेत आहे. तिचा गळा धरू देणार नाही.

शेवटचे पैसे घेऊन बंगल्यावर गेले. काकी दारात आली. शिळी भाकरी, जुनी लुगडी, मला सगळं पायरीवरच मिळायचं.

"ठेव पायरीवर," काकी म्हणाली.

मी ठेवले नाहीत. "आबांना बोलवा."

आबा आले.

"हातात घ्या. मोजा. अन् फिटली म्हणा."

आबांनी माझ्याकडं पाहिलं. मी खाली पाहिलं नाही. त्यांनी हात पुढं केला, पैसे घेतले, मोजले.

"फिटली," म्हणाले.