मामांचा कॅमेरा आणि हातातली मिरची

ऊन सोडलं तर माझ्या थोरल्या मामांचा या जगात कशावरही विश्वास नाही. माणसांवर नाही, वजनकाट्यावर नाही, छापील अक्षरावर तर मुळीच नाही. दोंडाईचाला मिरचीचा व्यापार करण्यात त्यांचा जन्म गेला आणि त्या धंद्यानं त्यांना एकच गोष्ट पक्की शिकवली, की जे लाल दिसतं ते लाल असतंच असं नाही. लोक मिरचीवर पाणी मारतात, तेल चोळतात, रंगही चढवतात. म्हणून मामांच्या बंडीच्या खिशात कायम एक ओला पांढरा रुमाल. मिरची उचलायची, रुमालावर घासायची, रुमाल उन्हात धरायचा आणि समोरच्याकडे असं बघायचं की प्रामाणिक माणसालाही आपण काहीतरी लपवतोय असं वाटावं. ही सवय मिरचीपुरती राहिली असती तर कुणाचं काही म्हणणं नव्हतं. पण मामांनी तो रुमाल लग्नातल्या जिलेबीवर फिरवला आहे, मामीच्या पैठणीवर फिरवला आहे, आणि आमच्याकडच्या सत्यनारायणाला प्रसादाच्या शिऱ्यातली केशराची काडीसुद्धा त्यांनी गुरुजींच्या देखत घासून पाहिली आहे. गुरुजींनी त्या दिवशी दक्षिणा न मोजताच खिशात घातली आणि चहा न घेता निघून गेले.

माझं लग्न जमत होतं तेव्हाची गोष्ट तर आमच्या घरात अजून रंगवून सांगतात. मुलीचा फोटो आला. मामांनी तो दारात नेला, उलटसुलट केला आणि परत आणून दिला. "ट्यूबलाइटमा काढेल शे. येनावर काय इसवास ठेवो?" झालं. बघण्याचा कार्यक्रम मुलीकडच्यांनी बैठकीत मांडला होता, तो मामांच्या हट्टापायी अंगणात, भर दुपारी, खानदेशातल्या एप्रिलच्या उन्हात झाला. पोहे पापडासारखे कडक झाले. मुलगी डोळे बारीक करून बसली होती, मीही डोळे बारीक करून बसलो होतो, आणि सावलीत बसून एकटे मामा समाधानानं मान हलवत होते. आमच्या हिनं मला पहिल्यांदा नीट पाहिलं ते थेट लग्नानंतर, आणि हे ती मला अधूनमधून ऐकवत असते.

मामी म्हणजे या सगळ्याचं दुसरं टोक. भाजीवाला पिशवीत टाकेल ती भाजी घरी आणायची, शेजारणीनं सांगितलेलं औषध घ्यायचं, दाराला कडी लावायची नाही. मामा संशय घेत आणि मामी त्या संशयावर पांघरूण घालत फिरत असे. मामांनी एखाद्या पाहुण्याच्या पेढ्यावर रुमाल काढला की ती घाईघाईनं तो पेढा स्वतःच्या तोंडात टाकी आणि म्हणे, "गोड शे हो, चांगला शे." तिचं उभं आयुष्य गोडाऊनच्या मागच्या खोलीत, डोक्यावर पदर, मिरचीच्या धुळीत, देठं खुडण्यात आणि आलेल्यागेलेल्याला चहा करण्यात गेलं. तिथं शिंका न देणारा आणि डोळे न चोळणारा माणूस मी कधी पाहिला नाही.

तर झालं असं की मिरचीचा धंदाही फोनवर आला. पोत्यातल्या मालाचा फोटो पाठवायचा, समोरच्यानं भाव सांगायचा. मामांनी नाइलाजानं फोन घेतला, फोटो पाठवले, माल गेला, आणि सुरतच्या एका व्यापाऱ्याचा फोन आला. "सेठ, फोटो में कुछ और, बोरे में कुछ और." ज्या माणसानं आयुष्यभर दुसऱ्याच्या मिरचीचा रंग रुमालावर उतरवून दाखवला, त्याच्यावर रंगाचा आळ आला! मामा त्या दिवशी जेवले नाहीत. मग त्यांनी पथारीवर, म्हणजे वाळवणाच्या मोकळ्या जागेवर, पसरलेल्या मिरचीशेजारी उकिडवं बसून फोन मिरचीला लावून पाहिला आणि चोर सापडला. फोन आपल्या मनानं लाल रंग गडद करत होता. संध्याकाळी मला त्यांचा त्याच फोनवरून फोन. "भाचा, हाऊ फोन रंग लावस! माले खरं दखाडनारा कॅमेरा पाहिजे."

धुळ्याला दुकानं आहेत, पण धुळ्याचे लोक मामांना ओळखतात आणि ओळखीचा माणूस जास्त फसवतो, असा त्यांचा सिद्धान्त आहे. म्हणून जळगाव. शिवाय मी जळगावात. पॅसेंजरनं मामा आले, बरोबर मामीही आली. माझ्या आईला भेटायला आलेय म्हणाली. चेहरा उतरलेला दिसला, पण प्रवासानं उतरला असेल म्हणून मी काही विचारलं नाही. आईनं ताटात भाकरी वाढली, ती तिनं अर्धी टाकली. भूक नाही म्हणाली, अंगाला खाज सुटते म्हणाली. मिरचीत राहणाऱ्याला खाज सुटायचीच. आईला ते पटलं, मलाही पटलं.

दुकानात निघालो तेव्हा मामीही बरोबर आली. वाटेत मी मामांना थोडं तयार करायचा प्रयत्न केला. आता नवे कॅमेरे मिररलेस असतात, म्हणजे जुन्या कॅमेऱ्यात आत जो आरसा असायचा तो यात नसतो, वगैरे. ही माझी चूक. दुकानात पाऊल ठेवताच मामांनी काउंटरवरच्या बाईंना पहिला प्रश्न टाकला, "आरसा काढी टाका ना, मंग भाव कसाले वाढना?" बाई तिशीच्या, शांत स्वभावाच्या होत्या. त्यांनी आरशाशिवाय प्रकाश थेट सेन्सरवर कसा पडतो ते छान समजावून सांगितलं. मामांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ते बठ्ठं ठीक. काढेल आरसा कोठे शे?" तो आरसा कुणीतरी बाजूला काढून विकतंय, याबद्दल त्यांच्या मनात आजही शंका नाही.

मग कॅमेरा हातात आला. मामांनी तो आधी कानाशी धरून हलवला. वजन करून पाहिलं आणि इतका हलका म्हणजे आत पोकळ असणार, असा शेरा मारला. बटण दाबलं तर आवाज झाला नाही. बाई म्हणाल्या, "काका, फोटो निघाला." मामांनी माझ्याकडे असं पाहिलं की बाईंचा आणि माझा आधीपासून काही करार असावा. आवाज चालू करून दिला तर म्हणाले, हा आवाज खोटा आहे, नुसता वाजवलाय. ते मात्र खरंच होतं, आणि बाई पहिल्यांदा हसल्या. त्यानंतर मामांनी दुसऱ्या खिशातून कोरड्या फडक्यात बांधलेल्या मिरच्या काढून काचेवर मांडल्या. दुकानातली बाकीची गिऱ्हाइकं लेन्स बघायची सोडून मिरच्या बघायला लागली. कुणीतरी शिंकलं. फोटो काढला, पडद्यावरची मिरची आणि हातातली मिरची शेजारी शेजारी धरली. जुळली. दुसरी घेतली. तीही जुळली. इतकं जुळल्यावर तर मामांचा संशय शिगेला पोचला. दुकानातले दिवे खोटे आहेत, उन्हात घेऊन चला, म्हणाले.

बाईंनी आत मालकांना विचारलं आणि कॅमेऱ्याचा पट्टा मामांच्या गळ्यात घालून स्वतः बाहेर आल्या. दुपारचं ऊन दुकानाच्या पायरीवर सपाट पडलं होतं. मामांनी मामीला पायरीवर बसवलं, तिच्या ओंजळीत मिरच्या दिल्या आणि पदर मागे सारायला सांगितलं, कारण पदराची सावली मालावर पडत होती. तिनं पदर मागे घेतला. मामांनी कॅमेऱ्याला डोळा लावला आणि लगेच काढला. पडद्यावर एक छोटीशी चौकट मिरची सोडून मामीच्या डोळ्यावर जाऊन बसत होती. मामा ती मिरचीवर आणत, ती पुन्हा डोळ्यावर जाई.

"माले मिरची दखाडनी शे. हाऊ डोया कसाले धरस?"

"काका, तो माणसाचा डोळा आपोआप शोधतो. डोळा स्पष्ट आला की माणूस खरा वाटतो."

"खरं वाटनं आनि खरं ऱ्हानं, येमा फरक शे," मामा म्हणाले आणि त्यांनी बटण दाबलं.

बाईंनी फोटो मोठा करून दाखवला. आधी मिरची. देठापासून टोकापर्यंत एकेक सुरकुती खरी, रंग अगदी हातातल्यासारखा. मामांनी पडदा उन्हाकडे फिरवला, सावलीत धरला, पुन्हा ओंजळीकडे पाहिलं आणि अखेर आयुष्यात क्वचित निघणारे शब्द त्यांच्या तोंडून निघाले. "बरोबर शे." मग बोटानं फोटो वर सरकवत ते मामीच्या चेहऱ्यावर गेले आणि एकदम ओरडले, "देखा! हाऊ बी रंग लावस!" पडद्यावर मामीचा डोळा मोठा झाला होता, आणि त्यातलं पांढरं पांढरं नव्हतं. हळदीच्या पाण्यासारखं पिवळं होतं.

मामा जिंकल्याच्या आनंदात बाईंकडे वळले, आणि वळता वळता थांबले. फोटो तोच होता. त्याच फोटोत खाली मिरची होती, आणि मिरचीचा रंग खरा असल्याचं त्यांनी स्वतः, आत्ताच, उन्हात, कबूल केलं होतं. त्यांनी पुन्हा मिरचीवर बोट नेलं. मग डोळ्यावर. मग कॅमेरा गळ्यातच ठेवून ते पायरीपुढे उकिडवे बसले आणि मामीच्या तोंडाकडे बघायला लागले. लग्नाला इतकी वर्षं होऊनही त्यांनी तिला अशी उन्हात बहुधा कधी पाहिलीच नव्हती. खिशातून ओला रुमाल काढून त्यांनी तिच्या डोळ्याखाली हलकेच घासला आणि रुमालाकडे पाहिलं. रुमाल पांढराच होता. रंग वरून लावलेला नव्हता.

"कव्हापासीन?" त्यांनी विचारलं.

"काय कव्हापासीन? मिरचीनी धूळ जायेल व्हई डोयामा," मामी म्हणाली आणि पदर पुढे घ्यायला लागली. मामांनी पदर धरला. रस्त्यावर, चार लोकांत, त्यांनी बायकोचा पदर धरला होता आणि त्यांना त्याचं भान नव्हतं. मला त्या क्षणी फार भीती वाटली, कारण मामांच्या तोंडावर नेहमीचा संशय नव्हता.

तिथूनच दवाखाना. कावीळ, आणि तीही पित्ताच्या नळीत खडा अडकून झालेली. आणखी थोडं दुर्लक्ष झालं असतं तर निभावणं कठीण होतं, असं डॉक्टर म्हणाले. मामांनी अर्थातच दुसरा डॉक्टर गाठला, मग तिसरा. प्रत्येकाला तपासणीची खोली सोडून मामीला खिडकीपाशी बघायला लावलं. सगळ्यांनी एकच सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा कुणीही त्यांना फसवत नव्हतं, आणि त्यानंच मामा खचले. मामीला आत नेलं तेव्हा ते दवाखान्याच्या व्हरांड्यात भिंतीला टेकून बसून राहिले. कुणाच्या मापावर, कुणाच्या औषधावर काही बोलले नाहीत. मला ते मामा ओळखूच येईनात.

खडा निघाला. मामी उठून बसली, भाकरी मागायला लागली. त्याच दिवशी मामा एकटे कॅमेऱ्याच्या दुकानात गेले. बाईंनी नवं सीलबंद खोकं पुढे केलं तर त्यांनी ते मागे सारलं. खोक्यातल्या कॅमेऱ्याची काय खात्री? ज्यानं पायरीवर खरं सांगितलं तोच हवा. बाईंनी, तो शोकेसमधला आहे, कितीतरी लोकांनी हाताळलेला आहे, नवाही अगदी असाच आहे, असं परोपरीनं सांगितलं. शेवटी मालकांना मध्ये पडून तोच कॅमेरा पिशवीत घालून द्यावा लागला. घासाघीस मात्र मामांनी केली, आणि काढलेल्या आरशापोटी काही कमी करायला लावलंच.

तेव्हापासून दोंडाईचाला रोज सकाळी ऊन अंगणात उतरलं की मामी तुळशीजवळ पाटावर बसते. हातात एक वाळलेली मिरची. मामा फोटो काढतात, आधी मिरची मोठी करून बघतात, ती खरी निघाली की मग डोळा. डॉक्टरांनी सगळं ठीक असल्याचं केव्हाच सांगितलं आहे, पण डॉक्टरांनी सांगितलं म्हणजे काय? मामी कुरकुरते, दूध उतू जाईल म्हणते, तरी येऊन बसते. मिरचीच्या मालाचे फोटो आता मामांचा पुतण्या फोनवरूनच पाठवतो. मामांच्या कॅमेऱ्यात माल असा एकच, मामीच्या हातातला.

मागच्या महिन्यात मी दोंडाईचाला गेलो होतो. मामांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय. ऑपरेशनला ते तयार नाहीत, दुसऱ्याची काच बसवून दिसलेलं खरं कशावरून, म्हणतात. सकाळी नेहमीसारखं ऊन आलं, मामी बसली, मामांनी फोटो काढला आणि पडदा डोळ्यांजवळ नेला, लांब नेला, उन्हात धरला, सावलीत धरला. रुमालानं काच पुसली. त्यांना आता सगळंच पिवळट, धुरकट दिसतं. मिरचीही ओळखू येत नव्हती. शेवटी त्यांनी कॅमेरा माझ्या हातात दिला.

"मिरची कशी शे?"

"लाल आहे, मामा."

"फिक्की नही ना?"

"नाही. चांगली लाल आहे."

"आनि डोया?"

मी डोळा मोठा करून पाहिला. कडेला बारीक सुरकुत्या होत्या, कंटाळलेलं थोडं हसू होतं, आणि पांढरं स्वच्छ पांढरं होतं. "पांढरा आहे, मामा."

"उनमा देखं ना?"

"उन्हातच बघतोय."

मी वाट बघत होतो. आता म्हणतील तू खोटं बोलतोस, आता म्हणतील दुसरा काढ, मला बाजूला सारतील, शेजाऱ्याला हाक मारतील. त्यांनी नुसती मान हलवली, कॅमेरा बंद करायला सांगितला आणि रुमाल खिशात ठेवला. माझ्या शब्दावर, न घासता, न तपासता, त्यांनी विश्वास ठेवला होता. मला त्याचा आनंद व्हायला हवा होता. पण मला रडू आलं. त्यांनी माझ्याशी चांगलं कडाडून भांडायला हवं होतं, असं वाटत राहिलं.

मामीनं मिरची पाटाखाली ठेवली. "आते ऊठू का?" तिनं विचारलं.

मामा चाचपडत तिच्यासमोर उकिडवे बसले. "बस जराशी," म्हणाले.