आईच्या बोटाखालचा आवाज

भुताखेतांच्या गप्पा सुरू झाल्या की मी उठून भांडी लावायला जाते. कारण शोधलं की सापडतं — ऑफिसातले सर्व्हर सांभाळताना माझा तोच अनुभव. एवढं एक सोडून...

मुलुंड पूर्वेला, तिसऱ्या मजल्यावर, आई आणि मी राहतो. अर्धांगाच्या झटक्यात आईची वाचा गेली, तेव्हा माझ्या धाकट्या भावाने, मन्याने, जुन्या लिनक्स लॅपटॉपवर तिच्यासाठी पायथन या संगणकाच्या भाषेत एक बोलका बोर्ड बनवला. स्क्रीनवर चित्रं. कपाला बोट लावलं की मन्याच्या आवाजात, अस्सल मालवणीत — "गो, माका चाय होयी!" आई खुदकन हसायची.

गेल्या वर्षी मन्या गेला. आईचं बोलणं आणि त्याचा आवाज, दोन्ही त्या लॅपटॉपातच उरली.

मन्या होता तेव्हा मी लॅपटॉपजवळ गेले की ओरडायचा, "ताई, चालतंय ना? मग कशाला खाजवतेस?" पण पायथन फारच जुनं झालं होतं. रविवारी दुपारी बॅकअप घेऊन मी अपग्रेड केलं आणि वाट लागली! आवाज वाजवणारी लायब्ररी, म्हणजे त्या कामाचा तयार कोड, उडाली. नेटवरूनही कधीच काढून टाकलेली. बॅकअप होता — प्रोग्रामचा, लायब्ररीचा नाही. आवाजाच्या फाइल्स दुसऱ्या कुठल्याच प्लेअरवर उघडेनात. कप दाबला की एकच एरर: मॉड्यूल सापडत नाही.

मला रडू फुटलं. आईने चांगल्या हाताने माझा हात बाजूला सारला आणि कप दाबला.

"गो, माका चाय होयी!"

मी दाबलं — एरर. तिने दाबलं — मन्या!

दुसऱ्या दिवशी ऑफिसातल्या शिर्केला घरी आणलं. त्याने अख्खी डिस्क धुंडाळली.

"मॅडम, लायब्ररी नाहीच आहे. हे वाजूच शकत नाही."

"मग वाजतंय ते काय रे?"

तेवढ्यात आईने पाहुण्यासाठी कप दाबला आणि मन्याने चहा मागितला. शिर्के चहा प्यायला. निघताना दारात हळूच म्हणाला, "मॅडम... आता रिस्टार्टसुद्धा करू नका."

कारण अजून सापडलेलं नाही. मी शोधायचंही सोडलंय. माझ्या बोटाला आजही एररच येते. मग मन्याची फार आठवण आली की मी विचारते, "आई, चहा घेतेस?"

चहा नुकताच पिऊन झालेला असतो. तिला कळतं. ती कपावर बोट ठेवते.