गारांचं घमेलं

फुलंब्रीच्या अलीकडं गारा सुरू झाल्या तशी मी गाडी टाकून रस्त्याकडेच्या शेतातल्या पत्र्याच्या शेडात शिरलो. त्याच वेळी आतून एक साठीतली बाई बाहेर धावली. डोक्यावर लोखंडी घमेलं पालथं, काखेत जुन्या साड्यांचा गठ्ठा. घमेल्यावर गारा टणटण वाजत होत्या आणि ती वांग्याच्या रोपांवर, वाफ्यात रोवलेल्या बांबूच्या कामट्यांवरून, एकेक साडी ताणून बांधत होती. शेजारी लगडलेले टोमॅटो झोडपले जात होते. तिकडं तिनं पाहिलंही नाही.

गारा थांबल्यावर तिनं साड्या हळूच उचलून त्यांच्यावरचा ढीग सरीत ओतला. खाली रोपं ताठ होती.

"मावशी, टोमॅटो गेले की."

"जाऊ द्या. रोपं हायेत, म्हंजी वावर हाय."

तिचे दोन्ही हात लालबुंद होऊन सुजायला लागले होते. दवाखान्यात सोडू का, असं मी विचारणार, तोच तिनं घमेलं उताणं केलं, सरीतल्या गारांनी भरलं आणि हात त्यात खुपसून बांधावर बसली.

"मारलं ह्यांनीच," ती शांतपणे म्हणाली, "आता सूज बी ह्यांनीच उतरवायची."